अनुस्वार

भांडीबाजारातल्या आमच्या छापखान्यात
एक आडनाव सागवानी आहे.
बासष्ट साली वडिलांनी कोरलं, उलटं, आरशातलं,
रंगनाथराव गवांदे नगरपालिकेला उभे राहिले तेव्हा.
पहिलं नाव खिळ्यांनी जुळवायचं, सोडवता येईल असं.
आडनाव लाकडी; वडील म्हणाले,
ते पुन्हा लागणार.

एकोणसत्तरच्या पुरात दुतोंड्या मारुती बुडाला
आणि ठसा तरंगत गेला.
तिसऱ्या दिवशी गाळात सापडला, सगळा धड,
फक्त अनुस्वार तुटलेला.
गवादे.
नवा कोरायचं वडिलांच्या मनात नव्हतं,
मागचंच बिल आलं नव्हतं.
पुढच्या निवडणुकीला मला बसवलं:
काडेपेटीतली काडी, शाईची वाटी,
दर पत्रकावर एक टिंब.
चौदा वर्षांचा होतो. पाच हजार पत्रकं.
रंगनाथराव नगराध्यक्ष झाले
आणि मला वाटलं, थोडेफार मीच केले.

मग मधुकरराव. आमदार, दोनदा.
दुसऱ्या खेपेला अकरा महिने राज्यमंत्री,
पाटबंधारे की पशुसंवर्धन, आठवत नाही.
गाडीवरचा दिवा आठवतो. गाडी आमच्या बोळात वळत नसे,
मेन रोडला सोडून ते चालत यायचे,
बोटाला धरून अरुंधती.
ती खिळ्यांच्या खणांत कोपरापर्यंत हात घालायची.
"हा ळ इतका नवा कसा?"
"त्याला काम कमी."

सत्ताविसाव्या वर्षी नगरसेविका झाली ती.
तोवर फ्लेक्सचे दिवस. द्वारका सर्कलला केवढी थोरली,
वर कोपऱ्यात गोलात आजोबा, शेजारच्या गोलात वडील,
तिघांत सगळ्यांत मोठी
आणि सगळ्यांत कमी दिसणारी.
फ्लेक्सवर टिंब आपोआप येतं.
मी लग्नपत्रिका छापत होतो.

दुसऱ्या खेपेला स्थायी समितीची सभापती.
घंटागाड्यांच्या ठेक्याची एक फाइल
सतरा दिवस तिच्या टेबलावर पडून राहिली,
अठराव्या दिवशी सहीविना परत गेली.
लोक म्हणाले, बापानं केली असती.
बापही तेच म्हणाला.

तिकीट गेलं. चिन्ह मिळालं शिट्टी.
त्या रात्री ती स्कूटरवर आली, बोळात थेट दारापर्यंत.
"एक रंग, हलका कागद, दोन हजार. ट्रेडल चालते का काका?"
चालते, म्हटलं, माझ्या गुडघ्यासारखी.
ठसा रॉकेलने पुसला, चढवला.
पहिलं पत्रक तिनं दिव्याखाली धरलं.
"चूक आहे."
चूक नाही, तुमच्याकडची पद्धत आहे,
म्हणून मी काडेपेटी पुढे केली.

तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

रात्री अडीचपर्यंत ती टिंबं देत होती,
फरशीवर मांडी घालून, जिभेचं टोक दातांत.
दीडनंतरची सरकली:
काही गवर, काही देवर,
एकावर तर दोन.
मी तशीच बांधली.

पडली. एकोणतीस मतांनी.
मखमलाबाद नाक्यावर शेंगदाण्याच्या पुडीला
ते पत्रक भेटलं मला. मीठ झटकून घडी केली, का ते माहीत नाही.

मार्चपर्यंत तीन हप्त्यांत तिनं बिल फेडलं.
शेवटच्या दिवशी वही मागून घेतली, मागं मागं उलटत गेली.
बासष्ट साल. एकशे चाळीस रुपये. रंगनाथरावांची सही.
"हे?"
"असू दे. येणं बाकी असलं की घराणं येत राहतं."
तिनं शंभराची नोट ठेवली,
वर दहा-दहाची चार नाणी.

पावती फाडून दिली. हात थरथरतो हल्ली,
आडनावावरचं टिंब राहून गेलं.
तिनं वाचली. दोनदा.
पेन समोरच होतं.
घडी घातली, पर्समध्ये टाकली,
आणि स्कूटर बोळातून
मागं मागं घेत गेली,
तिथं वळायला जागा नाही.